नर्सच्या शिक्षणापाठीशी रमाबाई

मित्रांनो आणि आमचे भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो, रमाबाई रानडे हे नाव आपण ऐकलेले असते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या त्या पत्नी. पण घरंदाज बायकांनी नर्सचे शिक्षण घ्यावे म्हणून त्या किती झटल्या, हे मला यंदाच कळले. माझी मावशी ए.एन.एम.चा दोन वर्षांचा कोर्स करते आहे, म्हणून मी हे मुद्दाम लिहीत आहे.

रमाबाईंचे माहेर सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे. माहेरी त्या यमुना कुर्लेकर. मुलींना शिकवायचे नाही असा तेव्हाचा रिवाज. त्यामुळे १८७३ साली, अकराव्या वर्षी, लग्न होऊन पुण्याला आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. रानड्यांनी स्वतः शिकवायला घेतले. घरातल्या बायकांनी टोमणे मारले, अबोला धरला, पण यांनी पाटी सोडली नाही. पुढे इंग्रजीसुद्धा शिकल्या!

१९०१ साली न्यायमूर्ती वारले. १९०९ साली पुण्यात रमाबाईंच्या वाड्यातच सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर मदतीला होते. तिथे बायका लिहायला-वाचायला, शिवायला शिकत. मग काहींना ससून रुग्णालयात नर्सच्या शिक्षणाला पाठवायचे ठरले, आणि खरी अडचण तिथे आली.

नर्सचे काम तेव्हा हलके समजत. परक्या माणसाला हात लावायचा, सगळ्या जातींच्या रोग्यांचे करायचे, रात्री घराबाहेर राहायचे! लोकांना ते पटेना. (आमच्या आजीलासुद्धा मावशीची रात्रपाळी आधी पसंत नव्हती.) मला वाटते, ताप बघणे नि पट्टी बांधणे शिकायला त्या मानाने सोपे असेल. रमाबाई स्वतः दवाखान्यात रोग्यांना भेटायला जात, फळे, फुले, पुस्तके नेत. एवढी मोठी बाई तिथे जाते म्हटल्यावर नावे ठेवणार तरी कोण?

तरी ठेवलीच. एकदा सेवासदनचे संमेलन होते. नर्सच्या कामाचे महत्त्व सांगणारा कार्यक्रम झाला. बक्षीस घ्यायला एक तरुण विधवा वर आली. केशवपन केलेले, अंगावर लाल अलवण, डोक्यावरून पदर. वरच्या गॅलरीतल्या कॉलेजच्या पोरांनी तिची हुर्यो उडवली. शेवटच्या भाषणाच्या वेळी पुन्हा तेच. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई संतापल्या. एवढे शिकूनही आपल्याच दुःखी बहिणीला हसता, म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर त्या पोरांची कानउघाडणी केली. सभा चिडीचूप झाली असणार!

पुढे थकल्या तरी त्या आळंदीच्या यात्रेला सेवासदनच्या बायकांना घेऊन जात. तिथे आजारी यात्रेकरूंची सेवा या बायका करत. १९२४ साली रमाबाई वारल्या. मावशीच्या हॉस्टेलवर पत्र पाठवीन तेव्हा हे सगळे मी तिलाही लिहिणार आहे.