सर आर्थर कॉटन आणि सिरोंचाचा जलमार्ग

दळणवळण म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर आधी मोबाईलच येतो. पण समाज जोडलेला राहायचा तर निरोपाला, माणसाला आणि धान्याच्या पोत्याला, तिघांनाही वाट लागते. या एका विचारापायी ज्यांनी आयुष्य घालवलं, त्या इंजिनिअरचं नाव सर आर्थर कॉटन. त्यांच्या स्वप्नातली वाट आपल्या सिरोंचावरून जात होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

कॉटन यांचा जन्म १५ मे १८०३ रोजी इंग्लंडमध्ये झाला. लष्करी इंजिनिअर म्हणून १८२१ मध्ये ते मद्रास इलाख्यात आले. १८३६ मध्ये कावेरीच्या कोल्लिडम फाट्यावर त्यांनी बंधारा बांधला. याच काळात, १८३३ च्या सुमारास, गुंटूर भागात भीषण दुष्काळ पडला होता. शेजारून कृष्णा वाहत होती, पण तिचं पाणी शेतात येत नव्हतं आणि दुसरीकडचं धान्य उपाशी माणसांपर्यंत पोचत नव्हतं. १८४७ ते १८५२ या काळात कॉटन यांनी धवळेश्वरमचा बंधारा उभारला. त्याचे कालवे असे काढले की शेताला पाणी मिळावं आणि बोटीही चालाव्यात. पाण्यावरून माल नेणं रेल्वेपेक्षा कितीतरी स्वस्त, हे त्यांचं ठाम मत. त्यावरून रेल्वेवाल्यांशी त्यांचे कायम खटके उडाले.

मग त्यांची नजर नदीच्या वरच्या अंगाला वळली. वर्धा खोऱ्यातला कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून थेट पूर्व किनाऱ्यावर न्यायचा, अशी ही योजना. प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमावरचं सिरोंचा या मार्गाच्या अगदी मध्यावर. १८६० मध्ये निजामाकडून गोदावरीचा डावा काठ इंग्रजांकडे आला आणि अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं सिरोंचाला झालं. प्रत्यक्ष कामाची जबाबदारी हेग या अधिकाऱ्यावर होती.

अडचण होती ती नदीतल्या खडकाळ टप्प्यांची. असे मोठे टप्पे तीन. दुम्मागुडेमला बंधाऱ्याचं काम झालं, पण बाकीचे अडथळे पूर्ण हटले नाहीत. जंगलातला ताप, मजुरांची टंचाई, पावसाळा सरला की उतरणारं पाणी, सगळंच विरोधात. त्यातच १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि कापसाला मुंबईची वाट मिळाली. १८७१ मध्ये काम थांबलं. १८७४ मध्ये जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडलं गेलं. कॉटन २४ जुलै १८९९ रोजी इंग्लंडमध्ये वारले. आंध्रात त्यांचे पुतळे आहेत, धवळेश्वरमच्या नव्या बंधाऱ्यालाही त्यांचं नाव आहे. सिरोंचाच्या वाट्याला मात्र अर्धवट राहिलेला मार्ग आला.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावं? शेकडो मैल नदी मोकळी असली तरी एका खडकापाशी माल उतरवावा लागला की सगळं गणित बिघडतं. नेटवर्कचंही तसंच. दुसरं म्हणजे, व्यापाऱ्याला दुसरी वाट मिळाली की काठावरच्या माणसाची वाट कागदावरच राहते. मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणारं सिरोंचा आज गडचिरोलीहून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. पलीकडे जायला आता गोदावरीवर पूल झालाय. पण पावसाळ्यात नाल्याला पूर आला की इथल्या कितीतरी गावांचा रस्ता अजून तुटतो. उद्या आपल्यापैकी कुणी असा पूल किंवा टॉवर उभा करील. तेव्हा शेवटचा खडक फोडल्याशिवाय काम संपलं असं म्हणू नका.