मंगळवेढ्याची कान्होपात्रा

दामाजीपंतांचे आणि चोखोबांचे मंगळवेढे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले. तेथेच १५ व्या शतकात शामा नावाच्या गणिकेच्या पोटी कान्होपात्रा जन्मली. रूप आणि गळा ही दोन्ही तिला लाभली होती. मुलीने आपलाच व्यवसाय करावा, ही आईची इच्छा. परंतु रूपगुणांत आपल्याहून श्रेष्ठ असेल त्यालाच वरावयाचे, असा कान्होपात्रेचा निश्चय होता.

वारकऱ्यांच्या मुखाने विठ्ठलाचे वर्णन ऐकून ती पंढरपुरास गेली. दर्शन होताच मनाने त्यालाच वरिले व ती तेथेच राहिली. पुढे बेदरच्या बादशहाने तिला नेण्यास शिपाई धाडले. तिने एकवार दर्शनाची परवानगी मागितली, देवाचा धावा केला आणि त्याच्या चरणीच प्राण ठेवला, अशी कथा आहे. मंदिराच्या आवारातील तरटीचे झाड तिच्या समाधीची खूण मानतात. तिचे अभंग वारकरी आजही गातात.

भगिनींनो, जिला विचारणारे कोणी नव्हते, तिने देवाला साक्षी ठेवून आपला निर्णय केला. मुलीचे स्थळ पाहताना आपण पत्रिका पाहतो, पगार पाहतो. देवापुढे दिवा लावून मुलीचे मनही अवश्य विचारावे.