गप्प मुलांना बोलतं करण्यासाठी शाळाच अंगणात नेणाऱ्या अनुताई वाघ

घरी पाहुणे आले की आईच्या पदराआड लपणारं, वर्गात तोंडही न उघडणारं मूल प्रत्येकाच्या ओळखीत असतंच. आपण त्याला चारचौघांत पुढे ढकलतो आणि ते आणखी मिटतं.

पुणे जिल्ह्यातल्या अनुताई वाघ यांनी बरोबर उलटं केलं. मुलाला पुढे न ढकलता त्या स्वतःच त्याच्यापर्यंत गेल्या.

तेराव्या वर्षी लग्न, मग वैधव्य

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांतच नवरा गेला. त्या काळात बालविधवेच्या वाट्याला घराचा कोपराच यायचा. अनुताई मात्र शिकल्या. पुण्यात शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यात शिकवलं आणि पुढे पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी केली. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत शिकायचं, असं करत त्या मॅट्रिक झाल्या.

पुणं सोडलं, बोर्डी गाठलं

१९४५ मध्ये त्यांची भेट बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांच्याशी झाली. ताराबाईंना खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढायची होती. अनुताई पुणं सोडून समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या.

बालवाडी सुरू झाली, पण आदिवासी पाड्यांवरची मुलं काही येईनात.

यामागे फक्त लाजाळूपणा नव्हता. या भागातले आदिवासी पिढ्यानपिढ्या सावकार-जमीनदारांची वेठबिगारी करत होते. त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला होता. बाहेरच्या माणसाने आजवर त्रासच दिलेला. मग बाहेरून आलेल्या बाईंवर मुलांनी का भरवसा ठेवावा?

मुलं येत नाहीत? मग शाळाच जाईल

इथेच तोडगा निघाला. बालवाडी थेट पाड्यावरच्या अंगणात भरू लागली. तीच 'अंगणवाडी'.

आई डोळ्यांसमोर आणि भोवती ओळखीची भावंडं, त्यामुळे निम्मी भीती तिथेच पळाली. महागड्या माँटेसरी साहित्याऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आले. गाणी, गोष्टी, खेळ सुरू झाले. एखादं मूल लांबून नुसतं बघत बसलं तरी चालायचं.

पुढे हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली मुलं गुरं राखायची, म्हणून शिक्षक कुरणात जाऊ लागले. ही झाली 'कुरणशाळा'. गुरं, झाडं, पाखरं याबद्दल मुलांना शिक्षकांपेक्षा जास्त माहिती. साहजिकच सांगायला तीच पुढे व्हायची.

पन्नाशीनंतर पदवी

अनुताई स्वतःही शिकत राहिल्या. पन्नाशी उलटल्यावर त्या बी.ए. झाल्या. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या आणि कोसबाडची सगळी जबाबदारी अनुताईंवर आली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

१९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला. आज गावोगावच्या अंगणवाडीच्या पाटीवर तो दिसतो.

त्या शब्दातच अनुताईंची पद्धत आहे. मूल गप्प असेल तर आधी त्याच्या अंगणात जाऊन बसायचं. ते खेळतंय त्यात सामील व्हायचं. बोलणं त्याच्या वेळेने येतं.