सरखेल कान्होजी आंग्रे : शिडाच्या ताणावर उभे राहिलेले आरमार

सरखेल कान्होजी आंग्रे यांनी ४ जुलै १७२९ रोजी अलिबाग येथे अखेरचा श्वास घेतला, तेव्हा मुंबईपासून दक्षिण कोकणापर्यंतच्या किनाऱ्यावर त्यांच्या दस्तकाशिवाय गलबत हाकारण्याची हिंमत फारसे कोणी करीत नव्हते. इंग्रजांनी आपल्या दप्तरात त्यांची नोंद चाचा म्हणून केली. एका मान्यताप्राप्त राज्याच्या आरमारप्रमुखाला चाचा ठरविण्याचा हा खटाटोप कशासाठी होता, हे त्यांच्या जहाजांची बांधणी आणि शिडे समजून घेतल्याशिवाय उलगडत नाही.

कान्होजींचे घराणे मूळचे पुणे प्रांतातील काळोसे गावचे. आंगरवाडीवरून आंग्रे हे आडनाव पडले. वडील तुकोजी सुवर्णदुर्गाच्या चाकरीत होते. त्यामुळे कान्होजींचे बालपण हर्णैच्या किनाऱ्यावर, कोळी आणि भंडारी खलाशांच्या सहवासात गेले. जंजिऱ्याच्या सिद्दीचा सुवर्णदुर्गाला वेढा पडला असता किल्ला लढता ठेवण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि तेथून त्यांचे नाव पुढे आले. १६९८ मध्ये सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे आली.

त्यांच्या आरमाराची मुख्य ताकद दोन प्रकारच्या जहाजांत होती. गुराब साधारणतः दीडशे टनांची, क्वचित तीनशे टनांपर्यंतची. तिला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत आणि नाळेवर पुढे रोखलेल्या दोन तोफा असत. गलबत त्याहून लहान, बहुधा सत्तर टनांच्या आतले. त्याच्या मुख्य डोलकाठीवर एकच मोठे त्रिकोणी शीड चढे. त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई. जोडीला चाळीस-पन्नास वल्ही. दोन्हींचा तळ उथळ असल्याने ती खाडीत सहज शिरत. युरोपीय जहाजांना पाठलाग सोडून बाहेरच थांबावे लागे.

खरी गंमत त्या त्रिकोणी शिडात आहे. यंत्रमागावर ताणा ढिला राहिला तर कापड नीट उतरत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. शिडाचेही तसेच. वाऱ्याच्या बाजूची कड तंग नसेल तर शिडाचा फुगवटा मागे सरकतो आणि नौका पुढे जाण्याऐवजी आडवी ढकलली जाते. म्हणून शीड ज्या तिरप्या काठीला बांधलेले असे, तिचे खालचे टोक दोराने नाळेकडे खेचून घट्ट करावे लागे. आज विंडसर्फिंग करणारा तरुण पाण्यात उतरण्यापूर्वी हेच करतो. डाऊनहॉल नावाचा दोर ओढून तो शीड काठीवर खालच्या दिशेने ताणतो. ताण योग्य बसला की फुगवटा पुढे येऊन स्थिरावतो, वरची मागची कड थोडी सैल पडते आणि जोराची झुळूक आली तरी जादा वारा तेथून निसटून जातो. ताण कमी पडला तर शीड आवरत नाही. साहित्य बदलले, वाऱ्याशी करायचा व्यवहार बदललेला नाही.

असे तंग शीड असलेली नौका वाऱ्याच्या दिशेला बरीच जवळून जाऊ शकते. चौकोनी शिडांच्या अवजड जहाजांना ते तितके साधत नसे. कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वारे आणि दुपारी समुद्राकडून खारे वारे वाहतात. मधल्या वेळी वारा पडतो. कान्होजींचे खलाशी या पडत्या वाऱ्याची वाट पाहत. इंग्रजी जहाज जागीच खिळले की गलबते वल्ह्यांनी गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीला नेत, जेथे त्याच्या बाजूच्या तोफा चालत नसत. मग मारा होई तो डोलकाठ्यांवर व दोरखंडांवर. शिडे कोसळली की जहाज आपसूक हाती येई. आरमाराचे श्रेय सरखेलांना देताना त्या अनाम तांडेलांना विसरणे अन्यायाचे ठरेल.

१७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौकाच आंग्र्यांनी पकडली. तिच्यावरील कारवारच्या वखारीचा अधिकारी चकमकीत मारला गेला. त्याच्या पत्नीच्या सुटकेसाठी इंग्रजांना तीस हजार रुपये मोजावे लागले. पुढच्याच वर्षी शाहू महाराजांनी पाठविलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे कान्होजींच्या कैदेत पडले. कान्होजी तोवर ताराबाईंच्या पक्षात होते. बाळाजी विश्वनाथ यांनी तलवारीऐवजी बोलणी पुढे केली आणि १७१४ मध्ये सरखेल शाहूंच्या बाजूस आले. बाळाजींच्या कारकिर्दीतील हा सर्वांत मोलाचा डाव होता, असे म्हणायला हरकत नाही.

इंग्रजांनी पुढे १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी आणि १७२० मध्ये तरती तोफखाना बांधून पुन्हा विजयदुर्ग गाठला. प्रत्येक वेळी ते हात हलवीत परतले. १७२१ अखेरीस पोर्तुगीजांशी हातमिळवणी करून त्यांनी कुलाब्यावर चाल केली. बाजीराव पेशवे फौजेसह धावून आले. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी स्वतंत्र तह केला आणि इंग्रज एकटे पडले. १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर नशीब आजमावले. त्यांनाही यश आले नाही.

कान्होजींच्या पश्चात मुलांत फूट पडली. मानाजी कुलाब्याला, तर संभाजी व नंतर तुळाजी दक्षिणेकडे असे आरमार विभागले गेले. तुळाजींचा पेशव्यांशी बेबनाव झाला. फेब्रुवारी १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या संमतीने वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. आंग्र्यांची जहाजे त्या वेळी खुल्या समुद्रात नव्हती. किल्ल्याच्या आडोशाला ती एकत्र नांगरलेली होती. इंग्रजांच्या माऱ्यात एका जहाजाने पेट घेतला आणि आग एकापाठोपाठ एक सर्वांवर पसरली.

भारतीय नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळाला आयएनएस आंग्रे हे नाव दिले. कान्होजींची समाधी अलिबागमध्ये आहे.