ऐकीव बातमी आणि नामदार गोखले

गोपाळ कृष्ण गोखले म्हटले की आमच्या पिढीला शाळेच्या पुस्तकातला तो मुलगा आठवतो. गणित दुसऱ्याकडून सोडवून घेतले, गुरुजींनी शाबासकी दिली आणि हा रडू लागला. ती गोष्ट किती खरी, या वादात मी शिरत नाही. मला ओढ आहे ती एकतीस वर्षांच्या गोखल्यांची. सारी उमेद बँकेत गेलेल्या माणसाला तोंडचा शब्द आणि हातातला कागद यांतले अंतर जरा जास्तच दिसते. कदाचित म्हणून असेल.

जन्म १८६६ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने नोकरी करून शिकवले. १८८४ साली पदवी, मग पुण्यात अध्यापन, फर्ग्युसन कॉलेज, आणि न्यायमूर्ती रानड्यांची शिस्त. रानडे मजकूर पुन्हापुन्हा लिहायला लावत आणि सहसा खूश होत नसत.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले. साक्ष उत्तम झाली. तिची तयारी रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी करून घेतली होती. पण त्याच महिन्यांत पुण्यात प्लेग होता, रँडसाहेबाची कमिटी होती आणि घरोघर झडत्या घेणारे गोरे सोल्जर होते. पुण्याहून मित्रांची पत्रे येत. देवघरात बूट घालून शिरल्याच्या हकिगती, सामान जाळल्याच्या हकिगती. आणि त्यांत दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याची, त्यांपैकी एकीने जीव दिल्याची बातमी. गोखल्यांनी ती 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितली.

त्यांच्या जागी मी असतो तर? लिहिणारे लोक ओळखीचे, सभ्य, शिकलेले. पत्र एक नव्हे, अनेक. मात्र यातली मेख अशी की एकच गोष्ट ऐकलेल्या चारजणांनी चार पत्रे लिहिली, तर साक्षी चार होत नाहीत. कर्जाच्या अर्जावर चार जामीनदारांच्या सह्या असाव्यात आणि चौघेही एकाच पेढीवर बसणारे असावेत, तशातला हा प्रकार.

गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टनी आरोप साफ नाकारला. पार्लमेंटात गोखल्यांवर चिखलफेक झाली. जुलैअखेर ते मुंबईला परतले, विचारपूस केली, पण पुराव्यानिशी उभे राहायला कोणी पुढे येईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे त्यांनी सांगितली नाहीत. सांगितली असती तर स्वतःवरचे ओझे पुष्कळ हलके झाले असते. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी जाहीर माफी मागितली. गव्हर्नरची, कमिटीची आणि सोल्जरांचीही.

टिळक नुकतेच पकडले गेले होते, त्यामुळे पुणे संतापले. माझे मत विचाराल तर आरोप मागे घेणे भाग होते, पण माफी इतकी सरसकट नको होती. एक बातमी सिद्ध झाली नाही म्हणून झडत्यांतला सगळा जाच खोटा ठरत नव्हता. पुढच्या वर्षी प्लेग पुन्हा आला तेव्हा गोखले स्वयंसेवक घेऊन पुण्याच्या वस्त्यांतून हिंडले. बोलले मात्र फारसे नाहीत.

बोलले ते २६ मार्च १९०२ रोजी, कलकत्त्याला, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात. समोर लॉर्ड कर्झन. अंदाजपत्रकावर सभासदांना मत देण्याचा अधिकार नव्हता. बोलायचे आणि खाली बसायचे. रानडे वर्षापूर्वीच वारले होते. आकड्यांसाठी आधार होता तो त्याच जोश्यांचा. हे सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर. सरकारी नोकर म्हणून वृत्तपत्रांत नाव न घालता लिहीत. असा माणूस आपल्या पाठ्यपुस्तकात नाही, याचे मला वाईट वाटते.

त्या भाषणात ऐकीव असे काही नव्हते. सरकारचे आकडे, सरकारचेच अहवाल. तिजोरीत ओळीने काही वर्षे शिल्लक पडत होती आणि सरकार ती भरभराटीची खूण मानत होते. त्याच काळात देशाने दोन मोठे दुष्काळ पाहिले होते. गोखल्यांनी हिशेब उलगडला. रुपया घसरत होता तेव्हा विलायतेला पौंडांत पैसे पाठवणे महाग पडे, म्हणून कर वाढवले. पुढे रुपया सावरला, पाठवणी स्वस्त झाली, पण कर तसेच राहिले. शिल्लक आली ती इथून. मिठावरचा कर मणाला २ रुपये ८ आणे होता, आणि गरीब माणूस मिठातही काटकसर करतो हे त्यांनी खपाच्या आकड्यांवरून मांडले. हा कर १९०३ साली २ रुपयांवर, १९०५ साली दीडवर आणि १९०७ साली १ रुपयावर आला. कर उतरला तसा खप वाढला.

याची दुसरी बाजूही आहे. सरकारी दप्तरात मिठाचा मण सापडतो. झडतीच्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या बाईचा जबाब तिथे सापडत नाही, कारण तो कोणी लिहून घेतलेलाच नसतो. पक्क्या कागदावर बोलायचे ठरवले की अशा बायांबद्दल गप्प राहावे लागते. गोखल्यांना हे सलत असेल, असे मला वाटते.

१९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेला गेले. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमानांच्या आग्रहासाठी, आणि गांधींच्या हट्टापायी, मराठीत बोलले. गांधींनी त्या मराठीचे हिंदुस्थानी केले. प्रिटोरियाला मंत्र्यांना भेटायच्या आधी त्यांनी गांधींकडून प्रत्येक कायद्याचा इतिहास लिहून घेतला, खोदून खोदून विचारला, रात्री जागवल्या. भेटीतून परतले ते आनंदात: मजुरांवरचा तीन पौंडांचा कर जाणार, असे आश्वासन मिळाले होते. गांधींना शंका होती. १९१३ साली सरकारने असे वचन दिल्याचेच नाकारले. आश्वासन तोंडीच होते.

नाताळमध्ये मजुरांनी संप केला, तुरुंग भरले, आणि १९१४ साली कर रद्द झाला. त्या ऑगस्टमध्ये गांधी त्यांना भेटायला लंडनला पोहोचले तेव्हा महायुद्ध सुरू झाले होते आणि गोखले पॅरिसमध्ये अडकून पडले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते वारले. वय ४८.