रेव्हरंड जॉन न्यूटन

ज्यांचें चरित्र आम्ही येथें देत आहों, ते जॉन न्यूटन सन १७२५ मध्यें लंडन येथें जन्मले. धर्मशील मातेचें छत्र बालपणींच हरपलें. पुढें खलाशांच्या संगतींत श्रद्धाही गेली. सन १७४८ च्या मार्चमध्यें जहाजावर वेळ जाईना म्हणून त्यांनीं ख्रिस्तानुकरणावरील थॉमस आ केम्पिस यांचा ग्रंथ उघडला. हें सारें खरें असेल तर, या शंकेनें दचकून त्यांनीं तो मिटला. त्याच रात्रीं भयंकर वादळ झालें आणि त्यांच्या मुखीं प्रार्थना आली.

परंतु अंतःकरण एका रात्रींत पालटलें नाहीं. सन १७५४ पर्यंत ते गुलामांच्या व्यापारांतील जहाजांवरच होते. वर बायबलवाचन चाले. खालीं माणसें साखळदंडांत कण्हत! पुढें स्वाध्यायानें ते ग्रीक व हिब्रू शिकले आणि सन १७६४ मध्यें ओल्नी गांवीं पाळक झाले. अखेर सन १७८८ मध्यें स्वतःचा दोष उघडपणें पदरीं घेऊन त्यांनीं त्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली. सन १८०७ मध्यें ब्रिटिश कायद्यानें तो बंद झाला. त्याच डिसेंबरांत ते प्रभूमध्यें निद्रिस्त झाले.

विद्यार्थ्यांनो, वाचनानें मन क्षणांत द्रवतें. पण त्याच डोळ्यांनीं शेजाऱ्याचें दुःख पाहण्यास न्यूटन यांस चाळीस वर्षें लागलीं. आपण इतका विलंब कां लावावा?