डॉ. मारिया माँटेसरी : शांततेचा धडा

मारिया माँटेसरी यांचा जन्म १८७० साली इटलीत झाला. १८९६ मध्ये त्या रोममध्ये डॉक्टर झाल्या. तेथील वेड्यांच्या इस्पितळात, मंदबुद्धी ठरवून ओक्याबोक्या खोलीत कोंडलेली मुले त्यांनी पाहिली. जेवण झाले की ती जमिनीवर सांडलेले पावाचे कण वेचीत. राखणदारणीला तो हावरेपणा वाटे. माँटेसरींना मात्र उमगले, की त्या हातांना चाचपायला दुसरे काहीच नव्हते. उपाशी होती ती ज्ञानेंद्रिये.

इटार व सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या ग्रंथांवरून साधने घडवून त्यांनी अशा मुलांना शिकविले. त्यांपैकी काही सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोक थक्क झाले. बाईंना प्रश्न पडला, की मग धडधाकट मुले इतकी मागे का?

६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या मजूरवस्तीत त्यांचे बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांत हुंदडणारी सुमारे पन्नास मुले तेथे आली. जखडलेल्या बाकांऐवजी बाईंनी हलक्या, छोट्या खुर्च्या दिल्या. धक्का लागला की खुर्ची आवाज करून पडे आणि मूल आपली हालचाल आपणच सावरू लागे. एक तीन वर्षांची मुलगी लाकडी दट्टे खाचांत बसविण्यात इतकी गढली, की भोवतीच्या गाण्यानेही तिचे लक्ष ढळले नाही. चाळीसहून अधिक वेळा तेच करून ती प्रसन्नपणे उठली.

एकदा बाईंनी चार महिन्यांचे निश्चल तान्हुले वर्गात आणले. मुले त्याच्यासारखी स्तब्ध बसू पाहू लागली. मग शेजारच्या खोलीतून बाई कुजबुजत एकेकाचे नाव घेत आणि ते मूल चवड्यांवर चालत त्यांच्याकडे जाई. आनापानाला बसलेल्या आपल्या मुलांना ही शांतता परकी वाटणार नाही. छडीने बसविलेली गप्पगार शांतता निराळी.

याच बाईंचा मुलगा मारिओ लहानपणी परक्या घरी वाढला. वसतिगृहात मूल ठेवून परतणाऱ्या पालकांना ते दुःख वेगळे सांगायला नको. पुढे, १९३९ मध्ये, मारिओला घेऊनच त्या मद्रासला आल्या व महायुद्धामुळे भारतातच राहिल्या.

त्यांची साधने महाग, आणि त्यांत फेरफार त्यांना फारसा रुचत नसे. गरिबांच्या शाळांना हे परवडणारे नव्हते. ती अडचण आपल्याकडे ताराबाई मोडकांनी सोडविली. बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांपुढे त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने आणि खडे मांडले.